आग्रा रोडची काजळी

घाटकोपरहून विक्रोळी, कांजूर, भांडुप करत मुलुंडला जाणाऱ्या रस्त्याच्या पाटीवर लालबहादूर शास्त्री मार्ग असं लिहिलेलं आहे, पण या पट्ट्यात पाळ्या केलेली माणसं त्याला अजून आग्रा रोडच म्हणतात. पूर्वेला रूळ, रुळांपलीकडे मिठागरं आणि खाडी. पश्चिमेला टेकड्या आणि टेकड्यांच्या पाठीमागे पवईचा तलाव. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी याच अंगाने गेली. कारखाने मात्र बऱ्याच उशिरा आले. मुलुंडला सिमेंटचे पत्रे, भांडुपला टायर, कांजूरला विजेची यंत्रं, विक्रोळीला कपाटं-कुलुपं, घाटकोपरला ब्रेकची लायनिंग. आज त्यातल्या कित्येक जागांवर मॉल आणि टॉवर उभे आहेत, आणि भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्यांची नातवंडं तिथे सिनेमा बघायला जातात.

या सगळ्या मालात दोन गोष्टी अशा होत्या की त्यांची चौकशी गिऱ्हाइकाने कधी केली नाही. टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे कारखान्यात तेल अर्धवट जाळून मुद्दाम धरलेल्या काजळीमुळे. ती रबरात नसेल तर टायर बघता बघता झिजून जाईल. पत्रा आणि ब्रेकची लायनिंग टिकायची ती अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे. काजळी काय आणि तंतू काय, दोन्ही भरणाचा माल. दुकानात सुटा दिसत नाही, दुसऱ्याच्या पोटात शिरून त्याला बळ देतो आणि नाव मात्र दुसऱ्याचं होतं.

कार्बन नॅनोट्यूब ही या दोघांचीही वारसदार आहे. घडण काजळीची, ठेवण तंतूची. गेली तीसेक वर्षं तिच्याबद्दल जे जे भाकीत झालं ते अंतराळ, संगणक आणि नोबेलच्या भाषेत झालं. प्रत्यक्षात तिचा बाजार जसा वाढला आणि जिथे अडला, ते समजून घ्यायला ह्यूस्टन किंवा त्सुकुबाच्या प्रयोगशाळांपेक्षा हा रस्ता बरा. शिवाय टेकडीपलीकडे पवईत तिच्या इतिहासातलं एक प्रकरण घडलेलं आहे, आणि त्याला कापराचा वास आहे.

आधी तंतूची गोष्ट.

घाटकोपरच्या ब्रेक लायनिंगच्या कंपनीचं नाव हिंदुस्थान फेरोडो. कंपनी १९६४ची, विद्या मात्र ब्रिटनची. डर्बीशायरमधल्या चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावी हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने १८९७ मध्ये हा धंदा सुरू केला. उतारावर गाडीचं चाक आवरायला तिथले शेतकरी जुन्या बुटाचं चामडं लावत, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. चामडं आणि सूत तापलं की जळतं. अ‍ॅस्बेस्टॉस जळत नाही, शिवाय त्याचं सूत काढता येतं, ते विणता येतं, राळेत भिजवून दाबता येतं. खनिज असून कापसासारखं वागणारा हा पदार्थ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खरोखरच जादूचा मानला जाई. फेरोडो पुढे टर्नर अँड न्यूऑल या ब्रिटिश अ‍ॅस्बेस्टॉस कंपनीत सामील झाली. याच टर्नर अँड न्यूऑलची अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट ही कंपनी १९३०च्या दशकापासून भारतात पत्रे काढत होती. मुलुंडचा कारखाना तिचाच, पुढे एव्हरेस्ट या नावाने ओळखला गेलेला. म्हणजे आग्रा रोडच्या दोन्ही टोकांना एकाच घराण्याचा तंतू खपत होता. एका टोकाला चाळींची आणि झोपड्यांची छपरं, दुसऱ्या टोकाला ट्रक-टॅक्सीचे ब्रेक.

लायनिंगच्या धंद्यात जोखमीचं काम भट्टीपाशी नसतं. दाबून भाजलेल्या पट्ट्या घासून मापात आणायच्या, त्यांना रिव्हेटसाठी भोकं पाडायची, कडा मारायच्या, खरी धूळ तिथे उडते. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरत जातो. जितका घासाल तितका बारीक होतो, इतका की हवेत तरंगताना दिसतही नाही. फुप्फुसात गेलेला कण गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी शरीरात असतात, पण तंतू पेशीहून लांब असला की ती त्याला पुरी गिळू शकत नाही. अर्धवट गिळलेला तंतू तिथेच राहतो, पेशी मरते, दुसरी येते, तीही मरते, आणि दाह चालू राहतो. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी फुप्फुस जाड आणि ताठ होतं, त्याला अ‍ॅस्बेस्टोसिस म्हणतात. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग त्याहून वाईट.

मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कॉम्पोझिट कारखान्याच्या कामगारांची तपासणी करून डॉक्टरांनी २००५ मध्ये ‘एन्व्हायरन्मेंटल हेल्थ’ या नियतकालिकात निबंध छापला. तपासलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा कामगारांना अ‍ॅस्बेस्टोसिस निघाला. त्याआधी दहा वर्षं, २७ जानेवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना बजावलं होतं की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं, किंवा नोकरी सुटल्यानंतर पंधरा वर्षं, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर ठेवायची. चाळीस वर्षं हा आकडा न्यायालयाने हवेतून काढला नव्हता. रोगाला तेवढा वेळ लागतो. तोवर कामगार गावी गेलेला असतो, कारखाना विकलेला असतो, आणि फाइल कुणाकडे असेल याची खात्री देवालाही नसते.

आता टेकडी ओलांडायला हरकत नाही. पवईची आयआयटी १९५८ मध्ये स्थापन झाली, युनेस्कोच्या मार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. तिथल्या रसायनशास्त्र विभागात महेश्वर शेरॉन हे प्राध्यापक सौरघटांवर काम करत. सिलिकॉनऐवजी कार्बनची पातळ पापुद्री वापरून वीज काढता येईल का, हा त्यांचा मूळ प्रश्न. त्यासाठी शुद्ध, स्वस्त आणि सहज वाफ होणारा कार्बनचा साठा हवा होता. जगभरच्या प्रयोगशाळा मिथेन, बेंझीन, अ‍ॅसिटिलीनच्या नळकांड्यांशी खेळत होत्या. पवईच्या गटाने देवघरातला कापूर उचलला.

यात भाबडेपणा नव्हता. कापराच्या रेणूत दहा कार्बन, सोळा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. कार्बन आधीच कड्यांत बांधलेले. वडी उघडी ठेवली तरी उडून जाते, म्हणजे वाफ करायला फारसं तापवावं लागत नाही. आरतीच्या ताटावर जी काळी साय धरते तिच्यात राख नसते, कारण कापूर मागे काहीच ठेवत नाही. १९९४ मध्ये मुखोपाध्याय, कृष्णा आणि शेरॉन यांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला, कापूर हा फुलरीनचा नैसर्गिक स्रोत होऊ शकतो असं सांगणारा. फुलरीन म्हणजे साठ कार्बनचा तो पोकळ चेंडू, जो १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना सापडला आणि ज्यासाठी त्यांना १९९६चं नोबेल मिळालं. नोबेलच्या दोन वर्षं आधी पवईत कापरातून तेच शोधलं जात होतं. पुढे याच कापरी कार्बनचे सौरघट, स्पंजासारखे सूक्ष्म मणी असं बरंच काही या गटाने छापलं.

मग नॅनोट्यूब. ग्राफाइटचा एक अणूभर जाडीचा पापुद्रा, म्हणजे ग्राफीन, विडीचं पान वळावं तसा वळला की होणारी ही नळी. एकच थर असेल तर एकपदरी, थरात थर असतील तर बहुपदरी. व्यास काही नॅनोमीटर, लांबी त्याच्या हजारोपट. जपानच्या एनईसी कंपनीतले सुमिओ इइजिमा यांनी १९९१ मध्ये ‘नेचर’मध्ये तिचं वर्णन केलं आणि जग तिच्या मागे लागलं. ज्या काजळीत त्यांना त्या नळ्या दिसल्या ती नागोयाच्या मेइजो विद्यापीठातल्या योशिनोरी आंदो यांच्या भट्टीतली होती. आणि शेरॉन यांच्या हाताखाली तयार झालेले मुकुल कुमार पुढे नेमके याच आंदोंच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. पवईचा कापूर अशा रीतीने नॅनोट्यूबच्या माहेरघरी पोहोचला.

कापरातून नॅनोट्यूब काढण्याच्या प्रयोगाची मांडणी सांगण्यासारखी साधी आहे. आडवी ठेवलेली क्वार्ट्झची लांब नळी, तिच्याभोवती दोन विजेच्या भट्ट्या. पहिल्या, कमी तापलेल्या भागात छोट्या क्वार्ट्झच्या होडीत कापूर, त्यात चिमूटभर फेरोसीन, म्हणजे लोखंड असलेलं एक नारिंगी संयुग. एका टोकाने अर्गॉनसारखा निष्क्रिय वायू संथ सोडायचा. कापराची वाफ त्याच्याबरोबर दुसऱ्या, सहाशे-साडेसहाशे ते नऊशे अंश तापलेल्या भागात जाते. तिथे रेणू फुटतो, लोखंडाचे अतिसूक्ष्म कण सुटे झालेले असतात, कार्बन त्या कणांत विरघळतो आणि दुसऱ्या अंगाने नळी होऊन बाहेर येतो. कणाची जाडी तेवढीच नळीची जाडी. कापरातला एकुलता एक ऑक्सिजन इथे कामाला येतो असं कुमार आणि आंदो यांचं म्हणणं, वेडावाकडा कार्बन जमू लागला की तो त्याला जाळून काढतो. झिओलाइटवर लोखंड-कोबाल्ट चढवून त्यांनी साडेसहाशे अंशांना वजनाच्या निम्म्याच्या आसपास नॅनोट्यूब मिळवल्या. प्रयोगशाळेतल्या साध्या भट्टीसाठी हा उतारा भलताच चांगला.

नागोयाच्या परिसरातच २००६ मध्ये सोमाणी आणि उमेनो यांनी निकेलच्या पत्र्यावर कापराची वाफ सोडून ग्राफीनचे थोड्या थरांचे पापुद्रे काढले. वाफेतून ग्राफीन काढण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. सोमाणी नंतर पुण्यात परतले आणि त्यांनी तिथे स्वतःची कंपनी काढली. शेरॉन निवृत्तीनंतर माधुरी शेरॉन यांच्याबरोबर अंबरनाथ आणि सोलापूरच्या महाविद्यालयांत संशोधन केंद्रं चालवत राहिले. कापराच्या जोडीला वनस्पतींची तेलं, बिया, तंतू जाळून काय मिळतं ते पाहत राहिले. फुलरीन, नॅनोट्यूब, ग्राफीन, कार्बनची ही तिन्ही गाजलेली रूपं कापरातून काढून दाखवण्यात मुंबई-पुण्याकडून गेलेल्या माणसांचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे त्याची जाण कमी आहे. उलट कुठल्या तरी जुन्या तलवारीत नॅनोट्यूब सापडल्याची बातमी सगळ्यांना पाठ असते. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २००६ मध्ये दमास्कसच्या एका जुन्या तलवारीत त्या दाखवल्या हे खरं, आणि त्या जातीचं पोलाद दक्षिण भारतातून जायचं हेही खरं. पण गॅसच्या शेगडीच्या काजळीतही त्या तुरळक सापडतात, म्हणून कुणी स्वयंपाक्याला नॅनोशास्त्रज्ञ म्हणत नाही.

कापराचा बाजार मुळात देवापुरता नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातला बहुतेक कापूर तैवानच्या डोंगरातल्या झाडांचा होता, आणि बेट ताब्यात आल्यावर जपान सरकारने १८९९ मध्ये त्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. कारण होतं सेल्युलॉइड. नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळला की तो लवचीक होतो, त्याचे कंगवे, गुंड्या, चेंडू आणि सिनेमाच्या पट्ट्या होतात. दादासाहेब फाळक्यांच्या कॅमेऱ्यातून फिरलेल्या फिल्मच्या पोटातही कापूर होता. मक्त्यामुळे भाव चढले तसे युरोपातले रसायनशास्त्रज्ञ टर्पेंटाइनपासून कापूर करायच्या मागे लागले आणि त्यांना तो जमला. आज आरतीत जळणारा कापूर बहुतांशी तोच, पाइनच्या चिकापासून निघालेल्या टर्पेंटाइनचा. खोपोलीजवळ कुंभिवलीला मंगलम ऑरगॅनिक्सचा, म्हणजे पूर्वीच्या दुजोडवाला प्रॉडक्ट्सचा कारखाना आहे. दादरच्या फुलबाजारात किंवा घाटकोपरच्या वाण्याकडे मिळणाऱ्या वड्यांमागे अशी रासायनिक भट्टी असते. सिनेमाने सेल्युलॉइड सोडलं, प्लॅस्टिकं आली, आणि जगाने टाकलेला कापूर भारतात देवाने सांभाळला.

म्हणूनच तो नॅनोट्यूबसाठी महाग पडला. प्रयोगशाळेत कापूर स्वस्त वाटतो, कारण अर्गॉनची नळकांडी आणि भट्टीची वीज त्याहून महाग असते. टनांनी माल काढायचा म्हटलं की कच्च्या मालाचा भाव सगळ्यांच्या वर येऊन बसतो. रिफायनरीच्या पाठीवर मिळणारं प्रोपिलीन किंवा इथिलीन कापरापेक्षा कितीतरी स्वस्त. कापरासाठी लागणारं टर्पेंटाइन भारत बरंचसं बाहेरून आणतो, आणि सणासुदीला त्याची स्पर्धा मंदिराशी. रसायनशास्त्र बरोबर होतं, हिशोब जुळला नाही.

तसा तो इतरांचाही लवकर जुळला नव्हता. नव्वदच्या दशकात आणि नंतरही नॅनोट्यूबबद्दल जे छापून येई ते वाचून कुणालाही वाटावं की दहा वर्षांत तिचा दोर लावून उपग्रहापर्यंत लिफ्ट जाईल. पोलादाच्या शंभरपट बळकट आणि वजनाला सहावा हिस्सा, हे वाक्य तर घासून गुळगुळीत झालं होतं. ते एकेका निर्दोष नळीबद्दल खरं आहे. कोट्यवधी नळ्यांचा पीळ घातला की त्या एकमेकींवरून घसरतात आणि बळ कुठल्या कुठे जातं. स्मॉली यांच्या राइस विद्यापीठातल्या कृतीने निघणारी एकपदरी नॅनोट्यूब २०००च्या आसपास सोन्याहून कितीतरी महाग विकली जाई. सायकलींच्या सांगाड्यात ती आली, जाहिरातींत झळकली. जर्मनीच्या बायर कंपनीने लेव्हरकुसेनला वर्षाला २०० टनांचा कारखाना २०१० मध्ये सुरू केला आणि २०१३ मध्ये या धंद्यातूनच अंग काढून घेतलं. उपयोग सापडण्याआधी माल तयार झाला होता.

गंमत अशी की तिचा खरा धंदा इइजिमांच्या निबंधाआधीच, कुणाचं लक्ष नसताना, सुरू झाला होता. अमेरिकेतल्या हायपेरिअन कॅटालिसिस कंपनीने १९८७ मध्ये कार्बनच्या पोकळ सूक्ष्म तंतूंचं पेटंट घेतलं आणि ते मोटारींच्या इंधननळीच्या प्लॅस्टिकमध्ये घालायला विकले. पेट्रोल वाहताना प्लॅस्टिकवर साचणारी स्थिर वीज निघून जावी, ठिणगी पडू नये, एवढंच काम. हे काम पूर्वी कार्बन ब्लॅक करत असे. नॅनोट्यूब थोडी घातली तरी पुरे होई, इतकाच फरक. त्यात ना नोबेल ना अंतराळ. पण गिऱ्हाईक रोख पैसे मोजणारं होतं.

विजेच्या गाड्यांनी हाच धंदा शेकडो पटींनी वाढवला. लिथियम बॅटरीच्या धन बाजूची भुकटी, मग ती निकेलची असो वा लोह-फॉस्फेटची, विजेची वाईट वाहक. तिच्यात काही टक्के कार्बन ब्लॅक मिसळल्याशिवाय बॅटरी चालतच नाही. काळ्या कणाला शेजारचा कण टेकलेला असेल तरच वीज पुढे सरकते, म्हणून कण भरपूर लागतात, आणि जितकी जागा ते अडवतात तितकी वीज साठवणाऱ्या भुकटीला कमी पडते. नॅनोट्यूब लांब असल्याने एकटीच अनेक कणांना जोडते. एक टक्क्याहून कमी घातली तरी काम भागतं, उरलेली जागा कामाच्या मालाला. ऋण बाजूला सिलिकॉन घालायचा प्रयत्न चालू आहे; तो चार्ज होताना फुगतो, सुटा होतो, आणि त्याला धरून ठेवायला एकपदरी नळी उपयोगी पडते. दक्षिण कोरियाच्या एलजी केमने योसूला २०१७ मध्ये वर्षाला ५०० टनांनी सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत ही क्षमता हजारो टनांवर नेली. चीनमध्ये शिंगहुआ विद्यापीठातल्या कृतीवर सीनॅनो कंपनी उभी राहिली, २०१९ मध्ये शांघायच्या शेअर बाजारात आली, आणि तिचा माल बाटलीबंद भुकटी म्हणून नव्हे तर बॅटरीवाल्याच्या मिक्सरमध्ये सरळ ओतता येईल अशी काळी पेस्ट म्हणून जातो. पवई आणि शिंगहुआ यांच्यातला फरक हुशारीचा म्हणता येणार नाही. शिंगहुआच्या दारात बॅटरीचे कारखाने होते. पवईच्या दारात टायर, पत्रे आणि ब्रेक होते, आणि तेही दुकान आवरत होते.

काजळीचे जुने व्यापारी मात्र वारं ओळखून होते. अमेरिकेची कॅबट कंपनी एकेकाळी खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कार्बन ब्लॅक बनवत असे. तो कारखाना बंद झाला, आणि २०२० मध्ये याच कॅबटने सुमारे साडेअकरा कोटी डॉलर मोजून शेनझेनची सानशुन नॅनो ही नॅनोट्यूबची कंपनी घेतली. आदित्य बिर्ला समूहाच्या बिर्ला कार्बनने २०२३ मध्ये बेल्जियमची नॅनोसिल घेतली. बिर्ला कार्बनचा एक कारखाना पाताळगंगेला आहे, कुंभिवलीच्या कापरापासून फार लांब नाही. बंगळुरूला नोपो नावाची छोटी कंपनी २०११ पासून स्मॉलींच्या वंशातली एकपदरी नळी काढते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये बॅटरीच्या कारखान्यांसाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना जाहीर केली. ते कारखाने खरोखर चालू लागले तर त्यांना ही काळी पेस्ट टनांनी लागेल, आणि ती कुठून यायची हा येत्या दहा वर्षांतला उघड प्रश्न आहे. आजच्या घडीला त्याचं उत्तर ‘चीन’ असंच आहे. २००७च्या नॅनो मिशनने देशात प्रयोगशाळा आणि निबंध भरपूर दिले; पेस्ट करणारा मोठा कारखाना दिला नाही. कापराच्या वाटेने तो येईल असं मानायला जागा कमीच. रिफायनरीच्या कुंपणाला लागून, कार्बन ब्लॅकवाल्यांच्या जुन्या ओळखीवर येईल, हे जास्त शक्य दिसतं.

म्हणजे बाजारात नॅनोट्यूब काजळीच्या रांगेत उभी राहिली. तपासणीच्या टेबलावर मात्र तिला तंतूच्या रांगेत उभं केलं गेलं. एडिनबरोच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उंदरांच्या पोटाच्या पोकळीत निरनिराळ्या लांबीच्या नॅनोट्यूब सोडून पाहिल्या. आखूड आणि गुंतलेल्यांनी फारसं काही केलं नाही. लांब आणि सरळ असलेल्यांनी अ‍ॅस्बेस्टॉसने होतो तसाच दाह केला, आणि कारणही तेच, पेशीला गिळता न येणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१४ मध्ये एका विशिष्ट प्रकारच्या, जाड आणि ताठ बहुपदरी नळीला माणसात कर्करोग करू शकण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलं. बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा ठरवला. अपुरा म्हणजे निर्दोष नव्हे, आणि दोषीही नव्हे. बॅटरीत जाणाऱ्या नळ्या बहुधा बारीक आणि गुंतलेल्या असतात, ही धंद्याच्या बाजूची गोष्टही नोंदवायला हवी.

अमेरिकेच्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेचे दोन आकडे शेजारी ठेवले की सगळं स्वच्छ दिसतं. कार्बन ब्लॅकसाठी कामाच्या जागी दर घनमीटर हवेत साडेतीन मिलिग्रॅमची मर्यादा. कार्बन नॅनोट्यूबसाठी, २०१३ पासून, एक मायक्रोग्रॅम. दोन्ही काळ्या, दोन्ही कार्बन, दोन्ही एकाच गिऱ्हाइकाच्या मिक्सरमध्ये जाणाऱ्या, आणि मर्यादेत साडेतीन हजार पटींचा फरक. जुन्या काजळीच्या गोदामात चालणारी फावडं-पोती पद्धत नव्या मालाला लावली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. पेस्ट आणि प्लॅस्टिकच्या गोळ्यांच्या रूपात माल विकण्याची जी पद्धत रूढ झाली तिच्यामागे मिसळण्याची सोय आहेच, पण ओल्या मालाची धूळ उडत नाही हेही आहे. धोका उरतो तो भट्टी उघडताना, पिशवी भरताना, फिल्टर बदलताना, आणि पुढे कधी तरी जुन्या बॅटऱ्या फोडून भरडणाऱ्या शेडमध्ये. ब्रेक लायनिंगच्या कारखान्यातही धूळ अशाच, तांत्रिक आराखड्यात फारसं महत्त्व न मिळालेल्या कामांतून उडत असे.

१९९५चा निकाल अ‍ॅस्बेस्टॉसपुरता आहे. नॅनोट्यूबचे मोठे कारखाने जगात २००७ ते २०१०च्या सुमारास चालू झाले, तेव्हा तंतूच्या रोगाला लागणारी वीस ते चाळीस वर्षांची मुदत त्यांच्या पहिल्या कामगारांच्या बाबतीत आत्ता कुठे लागू होऊ लागली आहे. भारतातला पहिला मोठा कारखाना अजून उभा राहायचा आहे. म्हणजे पहिल्या पाळीच्या कामगाराच्या छातीचा एक्स-रे काढून तो चाळीस वर्षं जपून ठेवायचा, हे ठरवायला इथे अजून वेळ गेलेली नाही. घाटकोपर-मुलुंडच्या वेळी ती निघून गेली होती.